पॅड लाव आणि उड्या मार

मागच्या नोव्हेंबरमध्ये माझं गर्भाशय काढलं आणि खाली सैल पडलेलं बाकीचं सगळं वर बांधून घेतलं. शाळेत, सोसायटीत, नवऱ्याच्या ऑफिसात आम्ही 'हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगितलं. ती चूक दुरुस्त करावी म्हणून हे लिहिते आहे. शिवाय मला जे एप्रिलमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते निदान तुम्हाला तरी कळावं.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. दिल्लीत द्वारकेला राहते, एका शाळेत नववी-दहावीला बायॉलॉजी शिकवते. मोठा मुलगा पुण्याला शिकतो, मुलगी मीरा अकरावीत आहे. नवरा मिलिंद सरकारी खात्यात. सासूबाई आमच्याकडेच असतात.

दोरी

शुभदा आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. दोघी करोलबागेत राहायचो, एकाच रिक्षातून शाळेत जायचो. मधल्या सुट्टीत ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची आणि मी मोजायचे. दीडशेच्या पुढे गेली की वरच्या वर्गातल्या मुलीसुद्धा बघायला उभ्या राहायच्या. पुढे लग्नं झाली, मुलं झाली, पण आमचं काही सुटलं नाही. द्वारकेच्या या सोसायटीत फ्लॅट घेतला तो शुभदा इथे राहते म्हणूनच. तिचा नवरा पानिपतला एका कापड कारखान्यात मॅनेजर आहे, शनिवार-रविवार घरी येतो. शुभदा फिटनेस शिकवते. रोज सकाळी सहाला मागच्या बॅडमिंटन कोर्टवर तिचा दोरीचा क्लास असतो. चौदा-पंधरा बायका येतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत धुकं ओसरल्यावर मीही जायला लागले. शुभदा स्वतः उड्या मारायची नाही. घोटा दुखावलाय, म्हणायची. कोर्टच्या कडेला उभी राहून ती मोजायची, ओरडायची, कोपर आत घ्या, टाच टेकवू नका, असं सांगायची. मी कधी विचारलं नाही की घोटा तीन-चार वर्षं कसा दुखतो.

मला उड्या मनापासून आवडायच्या, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर वाचून वाटेल की कुणी मला ढकललं. पहिल्या दिवशी अकरा झाल्या. महिन्याभरात सलग शंभर. ते शंभर झाले त्या सकाळी मी घरी येऊन सासूबाईंना मिठी मारली. त्यांना काही कळेना. कपडे सैल व्हायला लागले, शाळेचे तीन जिने चढताना धाप लागेनाशी झाली. कितीतरी वर्षांनी माझं शरीर माझ्या बाजूने आहे असं वाटत होतं.

एप्रिल

एप्रिलमध्ये एका सकाळी सत्तराव्या उडीच्या आसपास मांड्यांमध्ये काहीतरी गरम जाणवलं. घाम असेल म्हणून मी थांबले नाही. घरी येऊन बघितलं तर घाम नव्हता.

मग रोजच व्हायला लागलं. मी काळी ट्रॅकपँट घालायला लागले, वर लांब कुर्ता. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. सकाळी निघण्यापूर्वी दोनदा बाथरूम. एवढं करूनही पन्नासच्या पुढे गेले की व्हायचंच. वर्गात शिंक आली तरी टेबलाला धरून पाय जुळवून उभी राहायचे. पन्नास मुलांसमोर.

आठ-दहा दिवस काढले आणि मग शुभदाला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? क्लास संपला होता, बायका पांगल्या होत्या. आम्ही कोर्टच्या कठड्यावर बसलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली जड वाटतं का काही? ओढल्यासारखं?"

"नाही. तसं काही नाही."

"मग ठीक आहे." ती हसली. "वैशू, दोन मुलं झालेल्या बाईला हे होतंच यार. अर्ध्या क्लासला होत असेल. पॅड लाव आणि उड्या मार."

मला इतकं हलकं वाटलं की मी पण हसले. दुसऱ्या दिवसापासून पॅड लावून जायला लागले. मे, जून, जुलै. ती शाबासकी द्यायची, मी दीडशेपर्यंत पोहोचले.

ऑगस्टच्या सुरुवातीला ओढल्यासारखं वाटायला लागलं. दिवसभर उभं राहून शिकवलं की संध्याकाळी ओटीपोटात वजन बांधल्यासारखं व्हायचं. झोपलं की बरं. मी शुभदाला आपणहून सांगितलं, "तू विचारलं होतंस ना, ते जड वाटतंय आता."

ती दोरी गुंडाळत होती. हात थांबले तिचे. "अच्छा," म्हणाली. "आठवडाभर आराम कर." आणि मग मीराच्या ट्यूशनचं विचारायला लागली.

मी आठवडाभर आराम केला आणि परत गेले. तिने मला रांगेत उभं राहू दिलं.

हाताला लागलं ते

त्या महिन्याच्या शेवटी अंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, गोल. जिथे काही नसायला हवं तिथे.

मी दरवर्षी फळ्यावर स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती काढते. मागची मुलं खिदळतात, मी न बघितल्यासारखं करून नावं देत जाते. पण त्या आकृतीत गर्भाशय हवेत तरंगत असतं. ते कशावर टेकलेलं आहे, कोणत्या स्नायूंनी तोलून धरलं आहे, हे पुस्तकात नाही. मीही कधी शिकवलं नाही. त्यामुळे गाठ आहे, कॅन्सर आहे, एवढंच मला सुचलं. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. भाजी फोडणीला टाकताना, पेपर तपासताना, डोक्यात एकच हिशेब चालू होता: मीराची बारावी होईपर्यंत मी असेन का.

तिसऱ्या दिवशी मिलिंदला सांगितलं. त्याने रजा टाकली आणि मला घेऊन गेला. डॉक्टर साठीच्या बाई होत्या, बोलायला तुटक. तपासताना म्हणाल्या, "खाँसिए." मी खोकले. "और ज़ोर से." मग त्यांनी हातमोजे काढले.

"बच्चेदानी नीचे आ गई है. पेशाब की थैली भी साथ में खिसकी है."

"कैंसर?"

"नहीं, बिल्कुल नहीं."

मला एकदम रडायला आलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि कधीपासून लघवी सुटते ते विचारलं. एप्रिलपासून, मी म्हटलं.

"किसी को बताया?"

"सहेली को. वो फिटनेस सिखाती है. उसने कहा सबको होता है, पैड लगाओ और कूदो."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. उड्यांमुळेच झालं असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन बाळंतपणं, त्यात मुलगा चार किलोचा, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, पाण्याच्या कॅन उचलणं, सगळं मिळून होतं. दोरीत वाईट काही नाही, बायकांनी जरूर उड्या माराव्यात. पण लघवी सुटणं ही शरीराने दिलेली सूचना होती आणि मी ती पाच महिने दाबून ठेवली.

"अप्रैल में आतीं तो शायद कसरत से सँभल जाता," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून परत म्हणाल्या, "शायद."

त्या 'शायद'नेच मला पुढे फार छळलं.

अंग

घरी आल्यावर सासूबाईंना काय सांगायचं ते आमचं ठरलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या. मिलिंद काहीतरी गोलगोल बोलायला लागला, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "अंग बाहेर आलंय का तिचं?"

मीरा तिथेच होती. दिल्लीत वाढलेली पोरगी. ती म्हणाली, "आजी, अंग म्हणजे बॉडी ना? बॉडी बाहेर कशी येईल?"

मिलिंद बाहेर निघून गेला. मग मीच मीराला समोर बसवून नीट सांगितलं, आकृती काढून. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुखतं?" मी म्हटलं, दुखत नाही, पण सारखी आठवण राहते.

ती आत गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझं पण येतं."

"कधीपासून, आई?"

"मिलिंदच्या पाठचं मूल गेलं तेव्हापासून. आत सारायचं आणि कामाला लागायचं."

चाळीस वर्षं. त्याच घरात मी वीस वर्षं राहते, त्यांच्याबरोबर खाते, त्यांच्या पायांना तेल लावते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला. दोन्ही बाळंतपणांनंतर याच बाईने मला पंधराव्या दिवशी बादली उचलताना बघितलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुणी सांगितलं होतं?" आणि परत गवार मोडायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनाही त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आत अंग वर धरून ठेवणारी एक रिंग बसवून दिली. घरी येताना गाडीत म्हणाल्या, "बसताना बरं वाटतंय." एवढंच. पण त्या दिवसापासून त्या संध्याकाळी खाली बागेत जाऊन बसायला लागल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, यांना बाहेर जायला आवडत नाही.

हर्निया

मलाही आधी रिंग आणि व्यायाम, असंच ठरलं. पण शाळेत सहा-सात तास उभं राहिलं की माझी रिंग सरकायची. एकदा पाचव्या तासाला मी तशीच टेबलाला टेकून उभी राहिले आणि मुलांना वाचत बसायला सांगितलं. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन करायचं ठरवलं.

मिलिंदचा फोनवरचा आवाज मी आतून ऐकला: "हां जी, वाइफ का हर्निया का ऑपरेशन है." त्यावरून आमचं भांडण झालं.

"मग काय सांगू ऑफिसात?" तो म्हणाला. "साहेबांना सांगू का तुझी बच्चेदानी?"

"उद्या तुझ्या साहेबांच्या बायकोला झालं तर?"

"त्यांचं ते बघतील, वैशाली. मला बोलता येत नाही."

खरं सांगायचं तर मीही शाळेच्या अर्जात 'मायनर सर्जरी' एवढंच लिहिलं होतं, आणि स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा त्याचाच हर्निया पुढे केला. मिलिंद वाईट माणूस नाही. दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्यांना बरोबर आला, नंतर माझे कपडे धुतले, बाथरूमपर्यंत धरून नेलं. फक्त तो शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता. आणि माझ्या मनात एक भीती होती ती मी त्याला विचारू शकत नव्हते, की हे सगळं झाल्यावर तो मला जवळ घेईल का. ती मी डॉक्टरांना विचारली. त्या म्हणाल्या, तीन महिने थांबा, मग काही अडचण नाही. हेसुद्धा विचारायचं असतं, म्हणून इथे लिहिते.

नळी

ऑपरेशनचं फारसं आठवत नाही. नंतरचं आठवतं. लघवीची नळी लावलेली, पायांना घट्ट मोजे, तोंडाला कोरड. सकाळी पाचला तापमान, सहाला चहा, सातला झाडूवाली, आठला डॉक्टरांची फेरी. बाहेर दिल्लीचा नोव्हेंबर, खिडकीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की खोकायचं नाही, टाक्यांवर ताण येतो. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये खोकायचं नाही. पोटावर उशी दाबून धरायची आणि खोकला आला की तो गिळायचा, हेच माझं दिवसभराचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. आता आपणहून लघवी झाली तर ठीक, नाहीतर नळी परत. मी बाथरूममध्ये जाऊन बसले, आणि काही होईना. सात महिने जे थांबवता येत नव्हतं ते आता सुटत नव्हतं. दोन तास गेले. मला परत नळी नको होती. मी बाथरूमच्या दाराला डोकं टेकवून बसले होते. केरळच्या सिस्टर होत्या, हिंदी मोडकं बोलायच्या. त्या आत आल्या, बेसिनचा नळ बारीक सोडला, माझ्या पायांवर कोमट पाणी ओतलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "टाइम है, टाइम है," म्हणत राहिल्या. थोड्या वेळाने झालं. त्यांनी भांड्यावरचं माप बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान असतील.

काकूंचा फोन

त्याच दुपारी शुभदाच्या आईचा पुण्याहून फोन आला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही शाळेत होतो तेव्हा अर्ध्या वेळा माझं जेवण त्यांच्याकडेच व्हायचं. शुभदाला मी हर्निया वगैरे न म्हणता खरं काय ते सांगितलं होतं, आणि तिने ते काकूंना.

"घाबरू नकोस गं," काकू म्हणाल्या. "शुभदाचं नाही का चार वर्षांपूर्वी इथे पुण्यात केलं? हेच. चार दिवसांत घरी आली. आता बघ कशी हिंडते. फक्त उड्याबिड्या मारायच्या नाहीत, वजन उचलायचं नाही. तुला तर सगळं माहीतच आहे. तेव्हा तूच तिला धीर दिला असशील."

मी म्हटलं, "हो काकू."

"तिथे परत आल्यावर तू जवळ होतीस म्हणून मला काळजी नव्हती तिची."

त्या अजून पाच मिनिटं बोलल्या, जिऱ्याचं पाणी पी म्हणाल्या. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवला आणि छताकडे बघत पडले.

चार वर्षांपूर्वी शुभदा महिनाभर पुण्याला गेली होती. पित्ताशयात खडे झाले, तिथेच काढले, असं सांगितलं होतं. परत आली तेव्हा तिला तेलकट चालणार नाही म्हणून मी महिनाभर रोज बिनतेलाच्या भाज्या करून डबा पाठवला. दुधी, पडवळ, दोडका. ती ते सगळं खाऊन डबे धुऊन परत द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या हाताला बिनतेलाचीसुद्धा चव आहे."

घोटाही कधीच दुखावला नव्हता. आणि एप्रिलमध्ये तिने मला जो प्रश्न विचारला तो तिला कुठून सुचला, तेही आता कळलं. हे कसं सुरू होतं, पुढे काय होतं, कुठे जाऊन थांबतं, तिला सगळं ठाऊक होतं. तिने मला पॅड लावायला सांगितलं आणि कडेला उभं राहून माझ्या उड्या मोजल्या.

मी रडायला लागले तेव्हा टाके ओढले गेले. मिलिंदला वाटलं दुखतंय, तो सिस्टरला बोलवायला धावला. मी त्याला काही सांगितलं नाही. पेनकिलर घेतली.

सूप

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शुभदा सूप घेऊन आली. मी उशी घेऊन सोफ्यावर एका कुशीवर बसले होते. सासूबाई आतल्या खोलीत होत्या.

"घोटा कसा आहे तुझा?" मी विचारलं.

"ठीक आहे. का गं?"

"काकूंचा फोन आला होता हॉस्पिटलमध्ये."

तिने डबा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. म्हणाली, "आईला सांगितलं होतं, कुणाशी बोलू नकोस."

"मी कुणी होते?"

ती बसली. मी विचारलं, "एप्रिलमध्ये तुला कळलं होतं?"

"संशय आला होता."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"कळलं होतं."

तिने खोटं बोलायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. ती खाली बघत बोलत होती. "डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं माहीत. मी दोरी शिकवते, वैशू. शिकवणाऱ्या बाईचंच खाली आलं म्हटल्यावर माझ्याकडे कोण येणार? मला वाटलं, तुझं तिथेच थांबेल. सगळ्यांचं काही वाढत नाही."

"मी कुणाला सांगितलं नसतं."

"सांगितलं असतंस."

"मी?"

"माझं पहिलं लग्न ठरून मोडलं तेव्हा कारण फक्त तुला सांगितलं होतं. आठ दिवसांत करोलबागच्या गणपतीत बायका मला विचारत होत्या, त्याला फिट्स येतात हे खरं का. तू तुझ्या आईला सांगितलं होतंस."

मला ते आठवत नव्हतं. ती बोलल्यावर आठवलं. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी आईला सांगितलं होतं, बातमी सांगावी तसं. त्या मुलाचं पुढे काय झालं असेल, शुभदाच्या घरी काय झालं असेल, हा विचारही तेव्हा शिवला नव्हता. बावीस वर्षं ती माझ्याबरोबर हसली, जेवली, माझ्या मुलांना कडेवर घेऊन फिरली, आणि एक दार तिने आतून लावून घेतलं होतं. मला त्या दाराचा पत्ताच नव्हता.

"ते माझं चुकलं," मी म्हटलं. "पण मी तुझी गोष्ट बाहेर काढली. तू माझं अंग बाहेर येऊ दिलंस."

"हो," ती म्हणाली.

तिने माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. जाताना दारात म्हणाली, "सूप गरम करून घे." मला ते पिववलं नाही. संध्याकाळी मीरा प्यायली.

त्यानंतर

जानेवारीत शाळेत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरची हरप्रीत भेटली, तीही दोरीच्या क्लासला येते. "भाभी, हर्निया ठीक हो गया?" तिने विचारलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "हर्निया नहीं था." आणि काय होतं ते सांगितलं, मोजून तीन वाक्यांत. तिचा मजला आला तरी ती उतरली नाही. माझ्याबरोबर वर आली, मग परत खाली आली, मग म्हणाली, "मेरा भी खाँसने पर निकल जाता है. मैंने सोचा उम्र है." ती चाळीसचीही नाही.

मार्चमध्ये आमच्या घरी नऊ बायका जमल्या. मी सासूबाईंच्या समोर, चहाबरोबर, आकृती काढून सगळं सांगितलं. कमरेखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवते, आणि आमच्यातल्या तिघींचा त्रास तेवढ्यानेच पुष्कळ कमी झाला. शुभदाचं मी कुणालाही सांगितलं नाही. तिला बोलावलं होतं, ती आली नाही.

हरप्रीतकडून कळलं की शुभदा आता क्लासला येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला बाजूला घेऊन विचारते: लघवी सुटते का, जड वाटतं का, काही हाताला लागतं का. हो म्हटलं की आधी डॉक्टरकडे पाठवते. सगळे तिचं कौतुक करतात. मला ऐकून रागच आला. प्रश्न तिला आधीपासून येत होते.

मी आता रोज सकाळी चालते. पाणी भरपूर पिते. शिंक आली तर टेबल धरत नाही. डॉक्टरांना विचारलं, परत कधी उड्या मारता येतील का. त्यांनी नाही म्हटलं. सकाळी कोर्टवरून दोऱ्या आपटल्याचा आवाज वर येतो. काही दिवस मी गॅलरीचं दार लावून घेते, काही दिवस नाही.

तुम्हाला उड्या मारताना, हसताना, खोकताना थोडं जरी सुटत असेल, तर ते वयाचं किंवा बाळंतपणाचं देणं म्हणून सोडून देऊ नका. लाज वाटेल. वाटू द्या, आणि तशाच जा.

हे छापायला देण्याआधी मी शुभदाला वाचायला पाठवलं. तिचं नाव बदललं आहे, पण ओळखणारे ओळखतील, आणि यावेळी मला तिला न विचारता काही करायचं नव्हतं. चार दिवस काही उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. कित्येक महिन्यांनी.

"दे छापायला," ती म्हणाली. "त्यात अजून एक लिही."

"काय?"

"डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना बरोबर कुणीतरी बाई घेऊन जा म्हणावं. मी एकटी गेले होते. तीनदा गेटपर्यंत जाऊन परत आले."

मी म्हटलं, लिहिते. आणि आम्ही फोन ठेवला.